समतोल स्थिरांक नीट वाचणारा माणूस: फ्रिट्झ हाबर



बारावीला केमिस्ट्रीच्या पेपरात समतोल स्थिरांकाचं गणित आलं की मला बरं वाटायचं. त्यात समजून घ्यायचं काही नसायचंच. जे तयार होतं त्याचे आकडे वर, जे वापरलं जातं त्याचे खाली, घात टाका, लॉग टेबल उघडा, तीन मार्क खिशात. आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला गेलो आणि विषय संपला.

गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा काकांच्या उसाला युरिया टाकायचं काम चाललं होतं. माझा चुलतभाऊ नववीत आहे. त्याने गोणीवरचं वाचलं, ४६ टक्के नायट्रोजन, आणि मला विचारलं की हवेत तर तीन चतुर्थांशांहून जास्त नायट्रोजनच आहे, तोही फुकट, मग ही ४५ किलोची गोणी विकत का आणायची? घरातला इंजिनिअर मीच, म्हणजे उत्तर मीच द्यायला हवं. मी कारखाना, प्रक्रिया असं काहीतरी गुळमुळीत बोललो. पुण्याला परतल्यावर वाचायला बसलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. आपल्या पुस्तकांत ‘हेबर पद्धत’ म्हणून चार ओळींत येतो, तोच हा. जर्मन उच्चार हाबर आहे, म्हणून मी तसंच लिहितो.

रंगाच्या व्यापाऱ्याचा मुलगा

फ्रिट्झ हाबरचा जन्म ९ डिसेंबर १८६८ चा, ब्रेसलाऊ शहरातला. हे शहर तेव्हा जर्मनीत (प्रशियात) होतं; आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्सवाफ म्हणतात. घर ज्यू, वडिलांचा धंदा रंग आणि रसायनांचा. बाळंतपणानंतर तीन आठवड्यांतच आई गेली. बापलेकाचं पुढे कधी फारसं जमलं नाही. शिक्षण बर्लिन, हायडेलबर्ग असं फिरत फिरत झालं, १८९१ मध्ये डॉक्टरेट मिळाली. काही दिवस वडिलांच्या धंद्यात घालवून पाहिले, पण ते दोघांनाही महागात पडलं. १८९२ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळच्या जर्मनीत ज्यू माणसाला प्राध्यापकपद मिळणं फार अवघड होतं, आणि हाबरला आपण पूर्ण जर्मन आहोत हे सिद्ध करायची ओढ जन्मभर होती. ही ओढ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१८९४ मध्ये तो कार्ल्सरूहच्या तांत्रिक विद्यापीठात लागला. १९०१ मध्ये त्याने क्लारा इम्मरवारशी लग्न केलं. ती स्वतः केमिस्ट होती. ब्रेसलाऊ विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणारी पहिली बाई. लग्नानंतर तिचं संशोधन जवळपास थांबलं, नवऱ्याचं मात्र जोरात सुरू राहिलं. १९०५ मध्ये हाबरचं वायूंच्या अभिक्रियांच्या ऊष्मागतिकीवरचं पुस्तक आलं. वायूंमधला समतोल गणिताने कसा पकडायचा, हाच त्याचा विषय. ते त्याने क्लाराला अर्पण केलं आहे.

समतोल म्हणजे नेमकं काय

आता थोडं थांबून हे समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दुपारी दीड वाजता साधारण शंभर माणसं असतात. पावणेदोनला बघितलं तरी शंभरच. पण ती तीच माणसं नसतात. मिनिटाला दहा आत येतात, दहा बाहेर जातात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं सगळं थांबलंय. रासायनिक समतोल असाच असतो. एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन मिळून दोन अमोनिया बनतात, आणि त्याच वेळी तयार झालेला अमोनिया फुटून परत नायट्रोजन-हायड्रोजन होतो. दोन्ही वेग सारखे झाले की प्रमाण बदलायचं थांबतं. अभिक्रिया थांबत नाही.

नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे या मेहुण्यांनी १८६४ पासून हे नियमात बसवलं. अमोनियासाठी तो नियम असा: अमोनियाच्या दाबाचा वर्ग घ्या, त्याला नायट्रोजनचा दाब गुणिले हायड्रोजनच्या दाबाचा घन याने भागा. ठरलेल्या तापमानाला समतोलात हा भागाकार नेहमी तोच येतो. सुरुवातीला काय किती घेतलं होतं याला महत्त्व नाही. हाच समतोल स्थिरांक. स्थिरांक म्हणतात खरं, पण तापमान बदललं की तो बदलतो. मला बारावीत हे विचित्र वाटायचं आणि अजूनही नाव जरा फसवंच वाटतं.

अमोनियाच्या बाबतीत तो किती बदलतो ते बघा. २५ अंश सेल्सिअसला स्थिरांक काही लाखांत आहे, म्हणजे जवळपास सगळं मिश्रण अमोनिया व्हायला हवं. ५०० अंशांना तोच सुमारे ०.००००१५ वर येतो. अमोनिया बनताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापवलं की समतोल उलट्या बाजूला सरकतो.

मग २५ अंशांनाच का नाही बनवत? कारण स्थिरांक फक्त शेवट कुठे होणार हे सांगतो, तिथे पोचायला किती वेळ लागेल हे सांगत नाही. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून बसलेत. खोलीच्या तापमानाला ते मिश्रण वर्षानुवर्षं ठेवलं तरी काही होत नाही. बंध सुटावेत म्हणून तापवा, तर समतोल अमोनियाच्या विरोधात जातो. भावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: हवेतला नायट्रोजन फुकट आहे, पण तो मोकळा नाही.

०.००५ टक्क्यांवरून भांडण

हा प्रश्न तेव्हा पुस्तकी नव्हता. १८९८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम क्रूक्सने ब्रिस्टलच्या भाषणात इशारा दिला होता की गव्हाला लागणारा नायट्रोजन जग चिलीच्या वाळवंटातल्या सॉल्टपीटरच्या साठ्यांतून आणतंय आणि ते साठे संपणारे आहेत. रसायनशास्त्रज्ञांनी हवेतून नायट्रोजन काढून दाखवला नाही तर उपासमार होईल. प्रयत्न बऱ्याच जणांनी केले. ज्याचं तत्त्व आपण पाठ करतो त्या ल शातलिएनेही अमोनिया बनवायचा प्रयोग केला होता, पण उपकरणाचा स्फोट झाला आणि त्याने नाद सोडला.

१९०४ मध्ये व्हिएन्नाच्या एका कंपनीने हाबरला या कामासाठी पैसे दिले. त्याने १००० अंशांच्या आसपास, साध्या वातावरणीय दाबाला, लोखंड उत्प्रेरक म्हणून वापरून मोजमाप केलं. त्याची पद्धत मला फार आवडली. तो दोन्ही बाजूंनी गेला. एकदा नायट्रोजन-हायड्रोजनपासून सुरू करून किती अमोनिया बनतो ते पाहिलं, एकदा अमोनियापासून सुरू करून किती उरतो ते पाहिलं. दोन आकडे एकत्र आले तर तोच समतोल. टेस्टिंग असं करायला हवं! आकडा मात्र निराश करणारा होता, ०.००५ ते ०.०१२ टक्के. दहा हजार रेणूंत जेमतेम एक. हाबरने कळवून टाकलं की यातून धंदा होणार नाही.

इथे गोष्ट संपली असती. पण बर्लिनमध्ये वॉल्टर नेर्न्स्ट होता. त्याने नुकताच आपला उष्णतेचा सिद्धांत मांडला होता. त्यावरून कुठल्याही अभिक्रियेचा स्थिरांक गणिताने काढता येईल असा त्याचा दावा होता, आणि हाबरचा आकडा त्यात बसत नव्हता. नेर्न्स्टने स्वतः जास्त दाबाखाली मोजून पाहिलं. दाब वाढवला की अमोनिया जास्त बनतो, मग मोजणं सोपं जातं. १९०७ मध्ये हाम्बुर्गच्या परिषदेत, सगळ्यांसमोर, त्याने हाबरचे आकडे चूक ठरवले.

हाबरला ते फार लागलं. खरं तर तोवर त्याने रॉबर्ट ल रॉसिन्योल या जर्सी बेटावरच्या इंग्रज मदतनिसाबरोबर पुन्हा मोजमाप करून आपला आकडा ०.००४८ टक्क्यांवर आणला होता. नेर्न्स्ट ०.००३२ म्हणत होता. फरक दशांशाच्या तिसऱ्या घरात! पण स्थिरांकात अमोनियाच्या दाबाचा वर्ग येतो, म्हणजे दीडपट फरक सव्वादोन पट होतो. शिवाय हाबरचा स्वभाव असा की चारचौघांत खोटं पडणं त्याला सहन व्हायचं नाही. तो आणि ल रॉसिन्योल परत प्रयोगशाळेत गेले, या वेळी ३० पट दाब घेऊन. पुढच्या काळातल्या तक्त्यात हा आकडा ०.००४४ आहे, म्हणजे हाबर बरोबर असण्याच्या जास्त जवळ होता. पण माझ्या मते भांडण कोण जिंकलं याला महत्त्व नाही. त्या भांडणामुळे हाबर जास्त दाबाच्या यंत्रापाशी जाऊन पोचला, हे महत्त्वाचं.

तक्ता आणि लूप

दाब वाढवला की नेमकं काय होतं? बऱ्याच जणांना वाटतं की स्थिरांक वाढतो. नाही. सगळे दाब दुप्पट करा. वरचा वर्ग चौपट होतो, खाली एक आणि तीन असे चार घात आहेत, तिथे सोळापट. भागाकार एक चतुर्थांशावर येतो. स्थिरांक तर तोच राहायला हवा, म्हणून अमोनिया आणखी बनतो आणि भागाकार परत जागेवर येतो. स्थिरांक हलत नाही, मिश्रण हलतं. हे मला तिशीच्या उंबरठ्यावर कळलं, चालायचंच.

हाबरने तापमान आणि दाबाचा पूर्ण तक्ता तयार केला. ६०० अंशांना साध्या दाबाला अमोनिया ०.०४९ टक्के. २०० पट दाबाला ८.२५ टक्के. ५०० अंशांना तेच आकडे ०.१२९ आणि १७.६. जो माणूस १९०४-०५ मध्ये धंदा होणार नाही म्हणाला, त्याला १९०८ मध्ये तोच स्थिरांक वेगळं काही सांगत होता.

पण आठ टक्के म्हणजे तरी काय? ब्याण्णव टक्के माल वाया. इथे हाबरने जे केलं ते कुठल्याही प्रोग्रॅमरला लगेच पटेल. त्याने लूप लावला. उत्प्रेरकावरून वायू जाऊ द्या, आठ टक्के अमोनिया होऊ द्या, मग थंड करा. अमोनिया द्रव होऊन खाली पडतो, नायट्रोजन-हायड्रोजन वायूच राहतात. ते परत आत पाठवा, जितका वायू कमी झाला तितका नवा भरा. अमोनिया सतत काढून घेतल्यामुळे समतोलाला शेवटचं मुक्कामाचं ठिकाण असं मिळतच नाही. एका फेरीत किती बनतं हा प्रश्न मागे पडला, तासाला किती फेऱ्या होतात हा प्रश्न पुढे आला. सगळं दाबाखालीच ठेवायचं, बाहेर जाणाऱ्या गरम वायूने आत येणारा थंड वायू तापवायचा. १९०८ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. माझ्या मते हाबरचं खरं डोकं उत्प्रेरकात नाही, इथे दिसतं. स्थिरांक बदलता येत नाही हे त्याने मान्य केलं आणि त्या भोवती रस्ता काढला.

उत्प्रेरक लागणार होताच, कारण ६०० अंशांना वेग पुरेसा हवा. उत्प्रेरक समतोल जराही सरकवत नाही, दोन्ही बाजूंचा वेग सारखाच वाढवतो. १९०९ च्या वसंतात ऑस्मिअमने काम केलं. ऑस्मिअम इतकं दुर्मीळ की जगातला सगळा साठा शंभरेक किलोच होता. बीएएसएफ कंपनीने तो उचलायला सुरुवात केली. २ जुलै १९०९ ला कंपनीचे कार्ल बॉश आणि ॲल्विन मिट्टाश कार्ल्सरूहला प्रयोग बघायला आले. ऐनवेळी उपकरणाचा एक जोड दाबाने गेला. (डेमोच्या दिवशीच असं का होतं, हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे.) दुरुस्तीला वेळ लागला, बॉशला निघावं लागलं. मिट्टाश थांबला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत नळीतून द्रव अमोनिया थेंब थेंब पडू लागला.

पुढचं काम बॉशचं. मिट्टाशच्या गटाने हजारो चाचण्या करून लोखंडाचाच स्वस्त उत्प्रेरक शोधला, ज्यात ॲल्युमिनिअम, पोटॅशिअम यांसारख्यांचे अंश मिसळलेले असतात. पोलादाची नळी दाबाखालचा हायड्रोजन पोखरायचा, कारण तो पोलादातल्या कार्बनशी अभिक्रिया करतो. बॉशने आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं पाडली, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन निघून जाईल. सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. आज आपल्याकडे अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात अमोनिया बनतो, तोही याच लूपमध्ये फिरून. गोणीचे पैसे कशाचे, हे भावाला मी फोनवर सांगितलं: दाबाचे, तापमानाचे, आणि नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढण्याचे. नायट्रोजनचे नाहीत. जगातली जवळपास निम्मी माणसं या अमोनियावर पिकलेलं खातात असा अंदाज आहे.

त्याच माणसाचा दुसरा कारखाना

इथवर वाचून मी खूश होतो. मग पुढचं वाचलं.

हाबर १९११ मध्ये बर्लिनच्या डालेममध्ये नव्या संस्थेचा प्रमुख झाला. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, इंग्लंडच्या नौदलाने चिलीचं सॉल्टपीटर अडवलं. स्फोटकांना नायट्रिक आम्ल लागतं आणि ते अमोनियापासून बनवता येतं. खतासाठी उभं राहिलेलं यंत्र दारूगोळ्याला लागलं. एवढ्यावर हाबर थांबला असता तर त्याला परिस्थितीचा फायदा देता आला असता. पण त्याने स्वतः पुढे होऊन विषारी वायूचं काम हाती घेतलं. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ पाच हजारांहून जास्त सिलिंडरांतून सुमारे दीडशे टन क्लोरिन सोडला गेला. हाबर तिथे हजर होता. हजारो सैनिक गुदमरले, कित्येक तिथेच मेले. त्याला कॅप्टनचा हुद्दा मिळाला.

२ मे १९१५ च्या पहाटे क्लाराने त्याच्याच पिस्तुलाने घराच्या बागेत स्वतःला गोळी घातली. मुलगा हेरमान तेव्हा बारा वर्षांचा होता. हाबर त्यानंतर लगेच पूर्व आघाडीवर वायूच्या कामासाठी निघून गेला.

ही माहिती मी या लेखातून गाळू शकलो असतो, तंत्रज्ञानाचा लेख आहे म्हणून. पण तसं केलं तर हाबर परत चार ओळींचाच होतो. मला त्याचा राग येतो आणि त्याच्या लूपचं कौतुकही वाटतं, दोन्ही एकाच वेळी. त्यातून मार्ग मला सापडलेला नाही.

१९१८ चं नोबेल त्याला अमोनियासाठी मिळालं, तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. युद्ध हरलेल्या जर्मनीवर प्रचंड दंड बसला होता. हाबरने ठरवलं की समुद्राच्या पाण्यातून सोनं काढून तो फेडायचा. जहाजांवर प्रयोगशाळा नेल्या, कित्येक वर्षं नमुने तपासले. जुन्या नोंदींत टनामागे काही मिलिग्रॅम सोनं म्हटलं होतं, त्याला सापडलं त्याच्या हजारांशाच्या आसपास. पुन्हा एकदा दशांशाच्या मागच्या घरातला आकडा. या वेळी दाबाचा, लूपचा काही उपाय नव्हता. त्याने तो आकडा प्रसिद्ध केला आणि काम बंद केलं.

एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यू लोकांना सरकारी नोकरीतून काढायचा कायदा केला. युद्धात काम केलेल्यांना सूट होती, म्हणजे हाबर स्वतः राहू शकला असता. पण संस्थेतल्या आपल्या ज्यू सहकाऱ्यांना त्याने काढायचं होतं. त्याने ३० एप्रिलला राजीनामा लिहिला. ज्या देशासाठी त्याने धर्म बदलला, वायू सोडला, त्या देशाच्या कागदावर तो ज्यूच राहिला. काही महिने केंब्रिजमध्ये काढले, तब्येत खचलेली होती. २९ जानेवारी १९३४ ला स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये प्रवासात असताना हृदयविकाराने तो गेला. वय ६५.

विसाच्या दशकात त्याच्या संस्थेशी जोडलेल्या केमिस्टांनी किडे मारण्यासाठी सायनाइडवर आधारित झायक्लॉन हे औषध बनवलं होतं. हाबरच्या मृत्यूनंतर त्याचाच पुढचा प्रकार नाझींनी छळछावण्यांत माणसांवर वापरला. मारल्या गेलेल्यांत हाबरच्या नात्यातले लोकही होते.

क्लाराच्या अस्थी नंतर डालेमहून बाझेलला नेल्या. हॉर्नलीच्या दफनभूमीत दोघं एकाच दगडाखाली आहेत.